गॅरेजात शहाणी, दारात वेडी

मेस्त्रीण हे नाव तिला आधी फुकटात मिळालं. नवरा गाड्यांचा मेस्त्री, म्हणून ही मेस्त्रीण. मास्तरची बायको मास्तरीण होते, तिला पाढे येवोत न येवोत, तसलंच ते. पण या बाईने फुकटातलं नाव घासूनपुसून असं स्वतःचं केलं, की आता निम्मी वस्ती तिच्या नवऱ्याला 'मेस्त्रीणबाईंचे मालक' म्हणते. तोही हसून ओ देतो.

शाळा तिची चौथीपर्यंत. लग्न झाल्यावर दुपारी डबा घेऊन गॅरेजात यायची. नवरा गाडीखाली आडवा, एक हात पान्यावर, दुसरा बोल्टवर, मग बॅटरी धरायला तिसरा हात आणायचा कुठून? तो तिसरा हात ही झाली. डबा एकीकडे निवत राहायचा आणि ही गुडघ्यावर बसून उजेड धरायची. पाना धरणाऱ्याला बोल्ट दिसतो आणि उजेड धरणाऱ्याला अख्खं इंजिन दिसतं, असं ती अजून म्हणते. वीस वर्षं तिने उजेड धरला. तोंडाने फारसं विचारलं नाही, पण डोळ्यांनी सगळं उचललं. मग एक दिवस गिअरबॉक्स उचलताना नवऱ्याची कंबर जी धरली ती धरलीच. डॉक्टर म्हणाले, यापुढे वाकायचं नाही. गाड्यांच्या मेस्त्रीला वाकू नको म्हणणं म्हणजे धोब्याला भिजू नको म्हणण्यासारखं. त्या दिवसापासून तो दाराशी खुर्चीत आणि ती गाडीखाली.

लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. गिऱ्हाईक गाडी आत घ्यायचं, हिच्याकडे एकदा बघायचं आणि खुर्चीशी जाऊन दुखणं सांगायचं. ही समोर उभी असून. नाक्यावरचे टॅक्सीवाले म्हणायचे, डोकं मेस्त्रीचं, हात मेस्त्रीणीचे. ती ऐकून घ्यायची. बोलणाऱ्याचं तोंड धरायला तिचे हात मोकळे नसायचे.

आणि खरं सांगायचं, तर उभ्या गाडीचं थरथरणं ओळखण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. म्हणजे कसं, की गाडी पळताना बरी, पण सिग्नलला उभी राहिली की थंडी वाजल्यासारखी कापते, मधेच उचकी देते, कधी बंदच पडते. गॅरेजवाले याला मिसिंग म्हणतात. याची कारणं पन्नास. मेस्त्रीण आधी बॉनेटला हात लावत नाही. आधी गाडीवाल्याला विचारते. कधीपासून? गार असताना की तापल्यावर? एसी लावल्यावर वाढतं का? मग कागदाचा एक कपटा घेऊन सायलेन्सरच्या तोंडाशी धरते. कपटा बाहेरच्या बाहेर फडफडत राहिला तर एक, मधेच आत ओढला गेला तर दुसरं. मग रबरी नळीचा हातभर तुकडा, एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरवायचं. कुठे फट असेल तर तिथे हवा सापासारखी फुसफुसते. मग चालू इंजिनात एकेका प्लगचं कनेक्शन काढून बघायचं. ज्याचं काढलं तरी इंजिनाला काही फरक पडत नाही, तोच कामचुकार. घरातही असंच असतं म्हणा. एकेका माणसाला आठ दिवस परगावी पाठवून बघावं, म्हणजे कळतं घर कोणावर चाललंय.

नवऱ्याचा मात्र एक नियम होता, आणि तो तिने देवाच्या शब्दासारखा पाळला होता. गाडी आत आली की आधी इंजिन फडक्याने पुसायचं, मग सगळी झाकणं हाताने आवळायची, मगच किल्लीला हात लावायचा. ऐन तरुणपणी त्याने एकदा ऑइल भरून झाकण गाडीच्या बॅटरीवरच ठेवून दिलं होतं. गिऱ्हाईक दोन गल्ल्या जाऊन ऑइलने न्हालेली गाडी घेऊन परत आलं आणि त्याने मेस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुधाने तोंड पोळलेला माणूस. तेव्हापासून झाकणांच्या बाबतीत तो ताकही फुंकून प्यायचा आणि बायकोलाही प्यायला लावायचा.

आता हेडबाईंची गोष्ट. हेडबाई म्हणजे जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. उंच, चष्म्यातून बघणाऱ्या, बोलताना शब्द मोजून टाकणाऱ्या. एका संध्याकाळी त्या आपली जुनी निळी गाडी घेऊन आल्या, फाटकाबाहेरच बंद केली आणि खुर्ची ओलांडून थेट आत मेस्त्रीणीपाशी गेल्या. गॅरेजच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलं. मेस्त्री "या बाई" म्हणायला तोंड उघडून बसला होता, ते तसंच मिटलं.

"मेस्त्रीणबाई, गाडी उभी राहिली की थरथरते. थंडी सुरू झाल्यापासून. चौकातल्या स्कॅनरवाल्याकडे दोनदा नेली. त्याने कम्प्युटर लावला, एक सेन्सर बदलला. फरक शून्य."

स्कॅनरवाला म्हणजे चौकातला नवा मेकॅनिक. माणूस वाईट नव्हता, पण यंत्राने सांगितलेलं लिहून घ्यायचा आणि गाडीला विचारायचाच नाही. त्याच्या यंत्राने सांगितलं होतं, की इंजिनात हवा जास्त जाते. ते खोटं नव्हतं. पण हवा कुठून जाते ते न शोधता त्याने हवा मोजणारा सेन्सरच बदलला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

हेडबाई पुढे म्हणाल्या, "आणखी एक सांगून ठेवते. शाळेच्या दोन वॅन आहेत. त्यांचं काम कोणाकडे द्यायचं ते या महिनाअखेर मला ठरवायचंय. तुम्ही आणि तो, दोघांची नावं आहेत. माझी गाडी ज्याच्या हातून बरी होईल त्याच्याकडे मुलांच्या गाड्या देईन. यात वशिला नाही."

"वशिला मागतंय कोण," मेस्त्रीण म्हणाली आणि फडकं उचललं. शाळेच्या वॅन म्हणजे पोरांचे जीव. ते ज्या गॅरेजात येतात तिथे डोकं कोणाचं आणि हात कोणाचे, असं कोणी विचारत नाही. वॅन आल्या तर तो प्रश्नच मिटणार होता. आणि हातच्या गेल्या तर टॅक्सीवाल्यांना आयुष्यभर पुरेल एवढा विषय मिळणार होता.

नियमाप्रमाणे तिने इंजिन पुसलं, झाकणं आवळली, मग गाडी सुरू केली. थरथर दिसली नाही. तिला वाटलं, तापल्यावर येत असेल. प्लग काढून बघितले, काळवंडलेले होते, बदलले. हवेचा मार्ग काजळीने भरला होता, तो साफ केला. गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. हेडबाई खूष होऊन गेल्या. चार दिवस गाडी बरी राहिली, आठवडाभर बरी राहिली, आणि अकराव्या दिवशी पुन्हा दारात.

दुसऱ्या खेपेला तिने नळी कानाला लावून सगळं इंजिन ऐकलं. एका रबरी पाइपला बारीक चीर दिसली. हाच तो, म्हणून पाइप बदलला. गाडी शहाण्यासारखी उभी राहिली. या वेळी दुसऱ्याच दिवशी परत आली.

तिसऱ्या खेपेला तिला काहीच सापडलं नाही. काही म्हणजे काहीच. आणि तरी गाडी तिच्यासमोर साळसूद तोंड करून उभी होती, पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास इंजिनावर ठेवला तर थेंब सांडत नव्हता. हेडबाई म्हणाल्या, "आता येताना फाटकापर्यंत कापत आली हो. फाटकाबाहेरच बंद केली मी, नाक्यावरच्या टॅक्सीवाल्यांनी ढकलून आत घेतली. खोटं कशाला बोलू?"

मेस्त्रीण घाबरली ती तेव्हा. काही सापडून गाडी बिघडली तर त्याला उपाय असतो. पण जो आजार औषधाशिवाय बरा होतो, त्याचा काय भरवसा? तिने हेडबाईंना स्टुलावर बसवलं आणि उलटं विचारायला सुरुवात केली.

"बाई, बिघडते कधी ते राहू द्या. बरी कधी असते ते सांगा."

हेडबाईंनी चष्मा काढून पुसला. "तुमच्याकडून नेली की त्या दिवशी बरी. पहिल्या वेळी तर दहा दिवस बरी होती. मला वाटलं, तुमचे प्लग."

"मलाही तेच वाटलं होतं. त्या दहा दिवसांत घरी काही वेगळं होतं? गाडी दुसरीकडे लावली, पेट्रोल दुसऱ्या पंपावरचं?"

"पंप तोच, जागा तीच. घरात शांतता होती एवढंच. वडील धाकट्या भावाकडे गेले होते राहायला."

मेस्त्रीणीने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "उद्या गाडी इकडे आणू नका. सकाळी तुम्ही सुरू करायच्या आधी मीच तुमच्या दारात येते."

"घरी येऊन काय बघणार? हत्यारं सगळी इथे."

"डोळे बरोबर आणते."

हेडबाई उठल्या. "उद्या एकतीस तारीख आहे, मेस्त्रीणबाई. दुपारी मला कागदावर नाव लिहून द्यायचंय."

रात्री नवरा म्हणाला, "मी येऊ का बरोबर?"

"कशाला? हात माझे, डोकं तुमचं, म्हणतात ना लोक. उद्या बघू दे, डोकं घरी ठेवून काय जमतं ते."

तो हसला नाही. म्हणाला, "जमेल." आणि कूस बदलून झोपला.

सकाळी सव्वासहाला ती हेडबाईंच्या फाटकाशी होती. धुकं नुकतं वर चढत होतं. निळी गाडी पायऱ्यांसमोर, काचेवर दव. ती पायरीवर बसली आणि हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळाने दार उघडलं आणि एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. स्वेटर, कानटोपी, खांद्यावर फडकं. हे आप्पा, हेडबाईंचे वडील. चौतीस वर्षं बस चालवलेले. ऐंशी उलटलेली, पण पाठ अजून स्टिअरिंगवर बसल्यासारखी ताठ. गेल्या वर्षी मुलीने त्यांच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली होती, डोळ्यांमुळे. तेव्हापासून ते गाडी चालवत नसत. पण रोज पहाटे तपासत मात्र.

"कोण गं तू?"

"गाडी बघायला आलेय. मेस्त्रीण."

"अच्छा, ती तू." आप्पांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आमच्या डेपोत बाई बॉनेटच्या जवळ आली तर ड्रायव्हर म्हणायचे, लांब उभी राहा, साडीला ऑइल लागेल."

"आणि बाई काय म्हणायची?"

"बाई कुठली आलीये तिथे. आम्हीच म्हणायचो आणि आम्हीच ऐकायचो." आप्पा स्वतःच हसले. "बस. आधी माझं काम होऊ दे, मग तुझं. ड्रायव्हरने तपासल्याशिवाय मेकॅनिकने हात लावायचा नसतो."

त्यांनी बॉनेट उघडलं. कसं उघडलं म्हणता, तर पूजेची पेटी उघडावी तसं. ऑइलची पट्टी बाहेर ओढली, पुसली, परत घातली, परत काढली, उजेडात धरली. पाण्याची टाकी पाहिली. मग ऑइलचं झाकण उघडलं आणि त्याची आतली बाजू बघितली. तिथे पांढरट साय दिसली तर समजायचं, ऑइलात पाणी जातंय. हे आजकाल कोणी रोज बघत नाही. मेस्त्रीणीला मनातून बरं वाटलं. मग आप्पांनी झाकण परत जागेवर ठेवलं आणि फिरवलं.

फिरवलं, म्हणजे त्यांना वाटलं फिरवलं. बोटांची पेरं गाठी येऊन आल्याच्या तुकड्यासारखी झालेली, त्यात थंडीने आखडलेली. झाकण जागेवर बसलं, थोडं वळलं आणि तिथेच राहिलं. शेवटचा खटका बसलाच नाही. झाकणावरचा बाण आणि इंजिनावरची खूण यांत दोन बोटांचं अंतर. आप्पांच्या डोळ्यांना ते दिसत नव्हतं आणि बोटांना कळत नव्हतं.

"झालं," आप्पा म्हणाले. "ऑइल, पाणी, सगळं ओके."

मेस्त्रीणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुकरचं झाकण नीट लागलं नाही तर शिट्टी होत नाही, वाफ नुसती कडेने निघून जाते. इथे उलट. सैल झाकणातून इंजिन नको तिथून हवा ओढत होतं. पळताना त्याला ती पचायची, पण उभं राहिलं की घशात घास अडकल्यासारखं कापायचं. थंडी सुरू झाल्यापासून, हे हेडबाईंनी बरोबर सांगितलं होतं. फक्त ती थंडी इंजिनाला बाधली नव्हती, आप्पांच्या बोटांना बाधली होती. आणि गॅरेजात का दिसत नव्हतं? कारण गाडी आत आली रे आली की ती स्वतः, नियमाप्रमाणे, झाकणाभोवती उडालेलं ऑइल पुसत होती आणि झाकण आवळत होती. चोराच्या पावलांवर रोज आपल्याच हाताने झाडू मारत होती. दुसरं कोणतंही गबाळं पण डोळस गॅरेज असतं तर पहिल्याच दिवशी चोर सापडला असता.

तिचे हात शिवशिवले. एवढासा पीळ दिला, की झालं असतं. पण तिने हात मांडीखाली दाबून धरले.

तेवढ्यात हेडबाई पर्स सावरत आल्या. "बघा आता," म्हणून गाडी सुरू केली. गाडी अशी थरथरली की बाजूच्या आरशात अख्खं घर नाचायला लागलं. "बघितलंत? मी खोटं बोलत नव्हते."

"इंजिन चालूच ठेवा, बाई," मेस्त्रीण म्हणाली. "आणि मला एक पातेलं गरम पाणी हवंय. सोसवेल इतपत."

"इंजिनाला?"

"आणा तर."

हेडबाई आत गेल्या. आता इथे मेस्त्रीणीची खरी परीक्षा होती. झाकण गुपचूप आवळलं असतं तर आज गाडी शांत, उद्या पुन्हा कापणार, आणि वॅन चौकात जाणार. आणि मुलीसमोर झाकणाकडे बोट दाखवलं असतं तर वॅन तिच्या, नाव तिचं. पण किल्ली गेल्यावर त्या म्हाताऱ्याकडे उरलेली ही एकच पहाट, तीही गेली असती.

ती उठली. "आप्पा, इकडे या. झाकणावर हात ठेवा."

"कशाला? लावलंय मी."

"ठेवा तर."

आप्पांनी तळहात ठेवला. तिने त्यावर आपला हात ठेवला आणि दोघांच्या हातांनी झाकण फिरवलं. खटका बसला. चार श्वास जातात न जातात तोच इंजिन आप्पांच्या तळहाताखाली शांत होत गेलं. रडून रडून दमलेलं पोर खांद्यावर झोपतं ना, तसं. आरशातलं घर जागेवर उभं राहिलं.

आप्पांनी हात उचलला नाही. म्हणाले, "किती दिवस?"

"थंडी पडल्यापासून."

"चौतीस वर्षांत माझी बस एकदाही रस्त्यात बसली नाही."

"म्हणून तर तीन महिने तुमच्यावर कोणाचा संशय गेला नाही."

आप्पांनी तिच्याकडे तिरकं पाहिलं. "आणि तू? तीन वेळा गाडी हाताखालून गेली ना तुझ्या? काय करत होतीस?"

"तुम्ही सैल सोडायचं, मी आवळायचं. वर पुसूनही टाकायचं. तीन खेपा इमानदारीने तुमची चूक झाकली मी, आप्पा. स्वतःला कळू न देता."

आप्पांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खोकल्यासकट. "म्हणजे ड्रायव्हर बिघडवतोय, मेकॅनिक लपवतोय आणि मधल्या मधे पॅसेंजर हैराण. अगदी आमचा डेपो." मग हसू ओसरलं. "तिला सांगणार तू?"

"मला खोटं बोलता येत नाही. गप्प बसता येतं, पण तेही आजच्यापुरतं. उद्या सकाळी परत कापली तर शाळेच्या वॅन माझ्या हातच्या गेल्या. काय करायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही मोठे."

सोनारानेच कान टोचावे म्हणतात, ते खरं. घरच्या कोणी सांगितलं असतं तर आप्पांनी आठ दिवस अबोला धरला असता. पण सांगणारीचे हात त्यांच्यासारखेच काळे होते. हेडबाई पातेलं घेऊन बाहेर आल्या तोवर आप्पांची पाठ पुन्हा ताठ झाली होती.

"ठेव ते खाली," आप्पा म्हणाले, "आणि ऐक. ऑइलचं झाकण माझ्या हातून रोज सैल राहत होतं. बोटं वळत नाहीत माझी. तुझ्या त्या कम्प्युटरला कळलं नाही, मला कळलं नाही. हिने पायरीवर बसून नुसतं बघितलं आणि पकडलं. आमच्या डेपोत असा एक मेकॅनिक असता तर मी आणखी दहा वर्षं गाडी चालवली असती."

हेडबाईंनी गाडीकडे पाहिलं, मग आप्पांच्या बोटांकडे. "आप्पा, मग आता उद्यापासून तुम्ही हे पहाटेचं..."

"बाई," मेस्त्रीण मधे बोलली. हेडबाईंचं बोलणं शाळेत कोणी तोडत नसेल. "ही गाडी बारा वर्षांची. इतकं स्वच्छ ऑइल मी नव्या गाडीत बघत नाही. ते कोणामुळे? तपासणी बंद करू नका. झाकण मी बदलून देते."

"आणि तुम्हाला कळायला तीन खेपा का लागल्या?" हेडबाईंनी विचारलं. चष्मा बोलला, डोळे तेवढे कडक नव्हते.

"माझ्या चुकीने. मी आधी पुसते आणि मग बघते. आधी बघायला हवं होतं. हे आप्पांच्या बोटांवर नाही, माझ्यावर."

हेडबाईंनी घड्याळ बघितलं, आप्पांचे दोन्ही हात धरून गरम पाण्यात बुडवले आणि शाळेला निघून गेल्या. गाडी फाटकातून बाहेर पडताना उतारावर थांबली, तरी हूं की चूं नाही.

मेस्त्रीण गॅरेजात चालत आली ती मान वर करून. पण चूक कबूल केल्यावर वॅन मिळतात की जातात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दुपारपर्यंत तिने त्यावर काम हाच उतारा केला. जुन्या गाडीचं एक झाकण शोधलं, त्याभोवती लोखंडी पट्टी आवळली आणि वेल्डिंगवाल्याकडून तिला नळाला असते तशी आडवी दांडी लावून घेतली, बॉनेट बंद होईल एवढीच बुटकी. तळहाताने ढकललं तरी झाकण फिरावं, आणि दांडी इंजिनाच्या रेषेत आली म्हणजे खटका बसला, हे अंधुक डोळ्यांनाही दिसावं. बोटांवर अवलंबून राहायला नको. दांडीला तिने बसला असतो तसला लाल रंग लावला.

तिला दांडी रंगवताना बघून नवऱ्याने विचारलं, "सापडलं ना?"

तिने सगळं सांगितलं. शेवटी हेही सांगितलं, की तुमचा पुसायचा आणि आवळायचा नियम आपल्याला नडला. हे सांगताना तिचा आवाज जरा उतरला. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या कामातली चूक तिने पहिल्यांदाच काढली होती.

मेस्त्री खुर्चीत हलला, कंबर सावरली. "मग काय करायचं म्हणतेस?"

"गाडी जशी येईल तशी आधी बघायची. सुरू करायची, ऐकायची. पुसायचं ते नंतर. आवळायचं ते निघताना."

"बरं," तो म्हणाला. "तसं करू." एवढंच. पण 'कर' म्हणाला नाही, 'करू' म्हणाला. हे तिने नीट ऐकलं.

अडीचच्या सुमाराला शाळेची पहिली वॅन आत आली. ड्रायव्हर उतरला, हातात हेडबाईंची चिठ्ठी. सवयीने तो खुर्चीकडे वळला आणि चिठ्ठी मेस्त्रीपुढे धरली.

"वाच की," मेस्त्री म्हणाला.

ड्रायव्हरने वाचलं, "दोन्ही वॅन दर महिन्याला मेस्त्रीणबाईंना दाखवाव्यात. त्या सांगतील तसं करावं. आणि गाड्या धुऊनपुसून नेऊ नयेत."

"मग मला काय दाखवतोस? मी वाकत नाही. त्या आत आहेत."

आप्पा आता रोज पहाटे लाल दांडी सरळ करतात आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतात, की हे झाकण खास त्यांच्यासाठी बनवलंय, बाजारात मिळत नाही. आणि मेस्त्री? त्याच्याकडे दुसरं काम नाही, म्हणून तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही हकिगत सांगतो. दर वेळी थरथर जरा वाढते, धुकं जरा दाट होतं, हेडबाई जरा जास्त कडक होतात. पण एक वाक्य तो कधी गाळत नाही, टॅक्सीवाले समोर असले की मुद्दाम मोठ्याने म्हणतो, "नियम माझा चुकला होता. डोकं तिचं चाललं."

आतून मेस्त्रीण ओरडते, "अहो, बोलणं आवरा आणि जरा बॅटरी धरा." मग तो काठी टेकत उठतो आणि तिच्या खांद्यावरून उजेड धरतो, जिथे ती सांगेल तिथे.